पडलेल्या झाडाची दिशा

कारंज्याहून मंगरूळपीरकडे किंवा दारव्ह्याकडे एसटीनं निघालं की वस्ती हळूहळू विरळ होत जाते आणि रस्त्याकडेच्या घरांची छपरं खिडकीच्या उंचीला येतात. ती छपरं बघत जायची मला सवय आहे. टिनांवर नुसते काळे गोटे नसतात. त्यांच्या शेजारी जात्याची एखादी तळी असते, वाटून वाटून मधोमध खोलगट झालेला पाटा असतो, ट्रॅक्टरचं गेलेलं टायर असतं, वखराची मोडकी पास, मातीनं भरून तोंड शिवलेलं युरियाचं पोतं, कुठं जुन्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. घरात जे जड आहे आणि ज्याचं काम संपलं आहे, ते छपरावर जातं. ज्या जात्यावर त्या घरातल्या बायकांनी पहाटे उठून ज्वारी दळली, ते गावात चक्की आल्यावर अंगणात पडून राहिलं, आणि मग एखाद्या चैत्रात कुणीतरी ते उचलून वर ठेवलं. आता ते पीठ देत नाही, छप्पर धरून ठेवतं.

भर पावसाळ्यातला वारा आमच्या भागात कुणाला फारसा भिववत नाही. धास्ती असते ती चैत्र-वैशाखातल्या आणि रोहिणीतल्या वावधनाची. दिवसभर ऊन तापलेलं असतं, पारा ४३-४४ अंशांवर गेलेला असतो, आणि चारच्या सुमारास वारा एकाएकी पडतो. पान हलत नाही. मग आभाळाचा एक कोपरा मातकट, तांबूस होतो आणि त्याच्यामागून काळं चढत येतं. बाया दोरीवरचे कपडे ओढतात. कुणी ढोरं सोडतं, कुणी बांधतं. वाळायला घातलेल्या कुरड्यांची चादर चार टोकांना धरून पोरी आत पळतात. ‘वावधन आलं वो माय!’ असं कुणीतरी ओरडतं आणि त्याच्या पुढचं काही ऐकू येत नाही. आधी धूळ, मग टपोरे थेंब, कधी गारा. पंधरा-वीस मिनिटांत सगळं उरकतं. नंतर उन्हाची तिरीप पडते, हवा गार झालेली असते, मातीचा वास सुटलेला असतो. आणि तो वास आवडल्याची लाज वाटावी, असं काहीतरी समोर पडलेलं असतं.

माझ्या लहानपणी मामाच्या गावी असं एक वावधन मी अनुभवलं. दिसलं त्यातलं थोडंच, कारण मामीनं आम्हा सगळ्या पोरांना आतल्या माळवदाच्या खोलीत कोंडून दाराला पाठ लावली होती. मी ते ऐकलं. टिन निघताना आधी खिळे किरकिरतात. बराच वेळ किरकिरतात. वाटतं, धरून आहेत. मग एक फटका बसतो, आणि ओसरीवरचं छप्पर गेल्याबरोबर दाराच्या फटीतून एकदम लख्ख उजेड आत आला. छप्पर जातं तेव्हा घरात अंधार होईल असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा गाव बाहेर होता. माणसं वावरांकडे जात होती, वावरांकडून येत होती, आणि वाटेत भेटलेला प्रत्येक जण दुसऱ्याला एकच विचारत होता : ‘कोन्या अंगाले पडलं?’ किती नुकसान झालं, हे कुणी आधी विचारत नव्हतं. धुऱ्यावरचा निंब आपल्या वावरात पडला की शेजाऱ्याच्या, यावर लाकूड कुणाचं ते ठरतं. विहिरीवर पडला असेल तर उन्हाळ्याचं पाणी गेलं. विजेच्या तारेवर पडला असेल तर आठ-पंधरा दिवस मोटार बंद. गोठ्यावर पडला असेल तर पुढचं कुणी विचारतच नाही, दोघंही गोठ्याकडे चालू लागतात. दिशा हाच सगळ्या बातमीचा गाभा होता.

मामाचा निंब पूर्वेकडे पडला होता. मुळं उपटून माणसाच्या डोक्याएवढी वर आली होती आणि त्यांच्यात ओली काळी माती अडकली होती. पलीकडच्या तीन-चार वावरांतली झाडंही पूर्वेलाच आडवी होती, जणू एकानं हुकूम द्यावा आणि सगळ्यांनी ऐकावा. पण नाल्याच्या काठच्या बाभळी मात्र एकमेकींवर तिरप्या पडल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. मामा तिथं पुष्कळ वेळ उभा राहिला. ‘अठी वारं गरगर फिरलं लेका,’ तो म्हणाला. त्याला हवामानशास्त्राचा गंध नव्हता. त्यानं फक्त झाडं पाहिली होती.

हीच गोष्ट एका जपानी माणसानं आयुष्यभर केली, हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. तेत्सुया फुजिता. जन्म १९२०चा, क्युशू बेटावरचा. ९ ऑगस्ट १९४५ला दुसरा अणुबॉम्ब खरं तर कोकुरा शहरावर पडायचा होता, आणि फुजिता त्या वेळी त्याच परिसरातल्या एका तांत्रिक महाविद्यालयात शिकवत होते. कोकुरावरचं आभाळ धुरकट होतं, नेम धरता येईना, म्हणून विमान नागासाकीकडे गेलं. काही आठवड्यांनी फुजिता नागासाकीला गेले आणि पडझड बघत फिरले. स्फोटाच्या अगदी खाली असलेली झाडं जळाली होती, पण उभी होती. त्यांच्या सभोवतालची सगळी झाडं मध्यापासून बाहेरच्या बाजूला, चहूकडे आडवी झाली होती. १९५३मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात दर उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतकऱ्यांच्या वस्त्या जमीनदोस्त करणाऱ्या चक्रीवावटळींचा, टोर्नेडोंचा, अभ्यास त्यांनी मोडक्या घरांवरून आणि पडलेल्या झाडांवरून केला. वारा मोजायचं यंत्र अशा वावटळीत टिकत नाही. म्हणून वाऱ्यानं काय मोडलं त्यावरून वारा किती होता ते ठरवायचं, अशी प्रतवारी त्यांनी १९७१मध्ये मांडली. आजही टोर्नेडोची तीव्रता त्यांच्याच नावाच्या मापानं सांगतात.

एप्रिल १९७४च्या दोन दिवसांत अमेरिकेत दीडशेच्या आसपास टोर्नेडो झाले. त्यानंतर विमानातून जंगलावर फिरताना फुजितांना एके ठिकाणी झाडं पिळवटून एकमेकांवर पडलेली दिसली नाहीत. ती एका मध्यापासून बाहेर, चहूकडे पसरून पडली होती. नागासाकीत पाहिलेलं चित्र त्यांना आठवलं. म्हणजे हा गरगरणारा वारा नव्हता. ढगातून थंड हवेचा लोंढा थेट खाली कोसळला होता आणि जमिनीवर आपटून बाजूंना फाकला होता. बाकीच्या शास्त्रज्ञांना ते पटायला बरीच वर्षं लागली. आता विमानतळांवर अशा कोसळत्या हवेची चाहूल देणारी यंत्रं असतात. एका माणसानं एका उद्ध्वस्त शहरात पडक्या झाडांची दिशा लक्षात ठेवली, आणि तीस वर्षांनी दुसऱ्या खंडात तिचा अर्थ लागला.

मामाच्या वावरातला वारा बहुतेक याच जातीचा, वरून कोसळलेला. वऱ्हाडातलं वावधन सहसा तसंच असतं. दुपारच्या उष्णतेनं ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो, आतल्या गारा आणि पाणी कोरड्या हवेतून खाली येताना ती हवा थंड आणि जड करतात, आणि ती जड हवा कोसळते. ३१ ऑगस्ट २०२४ला तेलंगणात मेडारम-ताडवाईच्या जंगलात एका वादळानं ५० हजारांच्या आसपास झाडं आडवी केली. ती बातमी वाचताना मी त्या छायाचित्रांत सगळ्यात आधी झाडांचे शेंडे कुठल्या बाजूला आहेत ते बघत होतो. ही मामाची शिकवण म्हणायची.

त्या सकाळी गावात आणखी एक गोष्ट चालली होती. टिनं परत करण्याची. कुणाचं टिन कुणाच्या हरभऱ्याच्या रिकाम्या वावरात, कुणाचं नाल्यात, एक तर बाभळीला गुंडाळलेलं. सगळी टिनं सारखीच दिसतात, पण ज्याचं त्याला कळतं. खिळ्यांची भोकं कुठं कुठं आहेत, चुलीच्या धुरानं कोणता कोपरा काळा झाला आहे, कुठं डांबर लावून गळती बुजवली होती, यावरून बाया आपलं टिन ओळखत होत्या. वाकलेलं असलं तरी घेऊन जात होत्या. ठोकून सरळ करता येतं. २७ एप्रिल २०११ला अमेरिकेच्या दक्षिण भागात टोर्नेडोंनी हाहाकार केला, तेव्हा लोकांच्या घरांतले फोटो उडून दूरदूरच्या गावांत पडले, एक तर साधारण ३५० किलोमीटरवर. अनोळखी माणसांनी ते अंगणांतून, शेतांतून वेचले आणि ज्यांचे होते त्यांचा पत्ता काढून पोचवले. मला हे वाचून त्या बाया आठवल्या. वाऱ्यानं नेलेलं परत करायचं असतं, हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं.

तिकडची खेडी आणि आमची खेडी यांची तुलना फार ताणू नये. त्यांचा वारा आमच्या वाऱ्याच्या कितीतरी पट. कॅन्सस राज्यातलं ग्रीन्सबर्ग हे गव्हाच्या शेतांमधलं छोटं गाव. २००० सालच्या शिरगणतीत तिथं १,५७४ माणसं होती. ४ मे २००७च्या रात्री अडीच किलोमीटरहून रुंद टोर्नेडो त्याच्यावरून गेला आणि गावाचा जवळजवळ ९५ टक्के भाग राहिला नाही. वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर असावा, असा अंदाज पडझडीवरून बांधला गेला. अशा वाऱ्यापुढे आमचं टिन काय आणि वेशीचा दगड काय. तरी तिथं मेलेल्यांची संख्या अगदी थोडी राहिली, कारण भोंगे वेळेवर वाजले आणि लोक घराखालच्या तळघरात उतरले. त्या मुलखात शेतकरी घर बांधताना वादळासाठी जमिनीत खोली खणतो. आमच्याकडेही जमिनीखाली खणत होते, पेव. त्यात ज्वारी ठेवायची, दुष्काळाच्या धास्तीनं. तिथल्या माणसानं जमिनीत स्वतःला लपवलं, इथल्यानं दाणा. ज्याला ज्याची भीती.

ग्रीन्सबर्गमध्ये एक विहीर आहे. १८८७-८८ साली रेल्वेच्या इंजिनांना आणि गावाला पाणी म्हणून माणसांनी हातांनी खणलेली, १०९ फूट खोल. गावाला तिचा फार अभिमान. त्या रात्री पाण्याची टाकी पडली, शाळा पडली, दवाखाना पडला, विहीर राहिली. पुढं तिच्याभोवती नवं संग्रहालय उभारलं. गाव पुन्हा बांधलं, पवनचक्क्यांच्या विजेवर चालवलं, मात्र २०१०च्या शिरगणतीत तिथं ७७७ माणसं उरली होती. वादळानं न मारलेली माणसंही गाव सोडून जातात, हा हिशेब पुष्कळ उशिरा कळतो.

आणि हेही खरं, की ग्रीन्सबर्गच्या नशिबी संग्रहालय तरी आलं. २६ एप्रिल १९८९ला बांगलादेशात माणिकगंजच्या दौलतपूर-साटुरिया भागात जो टोर्नेडो झाला, त्यात सुमारे १,३०० माणसं गेली. जगात एका टोर्नेडोत एवढी माणसं कधी गेलेली नाहीत. तिथंही शेतकरीच होते, झोपड्या टिनांच्याच होत्या, आणि दुष्काळामुळे पावसाची वाट बघणं चाललं होतं. ते नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

समुद्रातून येणाऱ्या वादळाला नाव मिळतं. कोकणातल्या माणसाला ‘निसर्ग’ म्हटलं की ३ जून २०२० आठवतो, ‘तौक्ते’ म्हटलं की पुढच्या वर्षीचा मे महिना. वावधनाला नाव नसतं. ते दहा-बारा गावांवरून जातं, जिल्ह्याच्या पानावर एक चौकट येते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी. कारंजा हे गाव तसं इतिहासाला अपरिचित नाही. शिवाजी महाराजांनी १६७०मध्ये सुरतेनंतर इथली पेठ लुटली, ४ हजार बैलांवर आणि गाढवांवर लूट लादून नेली, याची नोंद आहे. नृसिंहसरस्वतींचं हे जन्मस्थान, म्हणून गुरुचरित्र वाचणाऱ्या घराघरांत गावाचं नाव आहे. इथल्या जैन मंदिरांच्या भांडारांतल्या हस्तलिखितांमुळे अपभ्रंश भाषेतले किती तरी ग्रंथ विद्वानांच्या हाती आले. दिल्ली वेस, दारव्हा वेस अजून उभ्या आहेत. एवढं सगळं लिहून ठेवणाऱ्या गावाच्या पंचक्रोशीत गेल्या तीनशे वर्षांत किती छपरं उडाली, ते कुठंही लिहिलेलं नाही.

लिहिलेलं नाही, पण मोजलेलं आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना वय विचारा. ‘टिनं उडाली त्या साली मी न्हानपनातच होतो,’ असं उत्तर मिळतं. पोराचा जन्म ‘गारा पडल्या त्याच्या पुढच्या पोळ्याले’ झालेला असतो. २०१४चा फेब्रुवारी-मार्च विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना विसरता येत नाही, दिवसामागून दिवस गारा पडत होत्या. २०१८च्या फेब्रुवारीत वाशीम, बुलडाणा, जालना या पट्ट्यात पुन्हा तेच. सोंगायला आलेला हरभरा आणि गहू जमिनीला चिकटले, संत्र्याच्या झाडांखाली फळांचा सडा पडला. पक्षी मेलेले सापडत होते. अजून बोलताना लोक म्हणतात, ‘त्या गारांच्या अगोदर’, ‘त्या गारांच्या मागून’.

पारसचं मात्र तसं बोलता येत नाही. पारस अकोला जिल्ह्यातलं, बाळापूर तालुक्यातलं. आमच्यापासून फार लांब नाही. ९ एप्रिल २०२३, रविवारची संध्याकाळ. बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला तशी माणसं तिथल्या टिनाच्या शेडखाली गेली. शेजारी फार जुना निंब होता. तो मुळापासून उन्मळला आणि शेडवर पडला. सात माणसं गेली, अनेक जखमी झाली. जी माणसं तिथं होती ती आपलं काही दुःख घेऊन आली होती, आणि पावसात आपण सगळेच जे करतो तेच त्यांनी केलं : छप्पर बघितलं आणि त्याच्याखाली उभी राहिली. त्या झाडानं किती वर्षं किती जणांना सावली दिली असेल! त्याच्याबद्दल राग धरावा की काय करावं, हे मला अजून समजलेलं नाही. त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांनी अंगणातले निंब तोडून टाकले. त्यांना नाही म्हणण्याइतकं माझ्याजवळ काही नव्हतं.

वावधनानंतर पंचनामा होतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे तिघं येतात, चिखलातून फिरतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यातली बरीच माणसं मनापासून फिरतात. त्यांचीही घरं याच तालुक्यात आहेत. घर पूर्ण पडलं की अंशतः, कच्चं होतं की पक्कं, गोठा, दुभतं जनावर, ओढकाम करणारं जनावर, पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक की कमी. संत्र्याची बाग असेल तर तिचं क्षेत्र. धुऱ्यावरच्या निंबाला त्या कागदात रकाना नाही. एकदा मामानं तलाठ्याला विचारलं होतं, ‘साहेब, याचं काय लिवता?’ तो बिचारा पडलेल्या खोडाकडे बघत राहिला. म्हणाला, ‘लाकूड तुमच्याच जवळ आहे न काका.’ त्याचं चुकलं नव्हतं. लाकूड होतंच. पण निंदणाऱ्या बाया दुपारी भाकर कुठं सोडतील, तान्ह्या लेकराचा पाळणा कोणत्या फांदीला बांधतील, बैल कुठं उभे राहतील, त्या उन्हात, जिथं वैशाखात अर्ध्या कोसात दुसरं झाड नाही, याची किंमत कशी काढायची? सावली कोण मोजतं?

अलीकडे मोबाइलवर नागपूरच्या हवामान केंद्राचे इशारे येतात. पिवळा, केशरी. ‘विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगानं वारे.’ पुण्याच्या संस्थेनं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप केलं आहे. मामाच्या नातवानं ते घेतलं आहे आणि आभाळ भरलं की तो वावरात फोन करतो. त्याच घरात अक्षय्य तृतीयेनंतर भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीतही कान देऊन ऐकतात. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याचं सगळं उघड्यावर असतं तो जिकडून मिळेल तिकडून चाहूल घेतो. फक्त जिल्ह्याला इशारा मिळतो आणि वावधन एका शिवारातून जातं, ते अंतर अजून तसंच आहे.

मामा आता थकला. वावर पोरगा बघतो. घराच्या पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला आहे, मागं अजून टिनच आहे. गेल्या वर्षी मामानं वाटेवरून निंबाचं एक रोप खणून आणलं आणि ते कुठं लावायचं यावरून घरात वाद सुरू झाला, तो मिटलेला नाही. मामाला ते घराच्या पश्चिमेला हवं आहे, दुपारचं ऊन अडवायला. मामी म्हणते, पारसचं विसरले का, झाड घराजवळ नको, वावरातच लावा. वावरात लावायचं तर पोरगा म्हणतो, धुऱ्यावर ट्रॅक्टर वळत नाही. सुनेचं म्हणणं वेगळंच : पश्चिमेकडून वारं येतं, तर झाड पूर्वेला लावा, म्हणजे पडलं तरी घरावर पडणार नाही. त्यावर मामा म्हणाला, ‘पूर्वेले लावलं त सावली शेजाऱ्याच्या गोठ्यावर जाईन.’ मामी म्हणाली, ‘जाऊ द्या न मंग. त्याचेही बैल उन्हातच हायेत.’ रोप अजून ओसरीवर डालड्याच्या डब्यात आहे. मृग लागायच्या आत काय ते ठरवा, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आहे.